तुमचा सोबती उतरून गेला

लोकांच्या शिव्या मोठ्या अक्षरांत छापून घ्यायच्या आणि जेवायच्या खोलीत, घास घेताना समोर येतील अशा लावायच्या, असं करणारी कंपनी सहसा सापडायची नाही. फिटरबाई नेमकी तसल्या कंपनीत कामाला होती.

कल्पना कॅप्टनची. तो कंपनीचा मालक. 'दोन वल्ही' हा होडीचा कॉम्प्युटर गेम त्याच्या डोक्यातून निघाला, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. खऱ्या होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायला लागतं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी तो विषय काढत नसे. गेम बाजारात आला आणि सपशेल आपटला, तेव्हा लोकांनी लिहिलेले निवडक शेरे त्यानं भिंतीवर लावले. 'नुसती फसवणूक.' 'तोंडाला पानं पुसलीत.' 'यांनाच त्या होडीत बसवा आणि बुडवा.' पुढं दुरुस्त्या होत गेल्या, गेम नीट चालायला लागला, आणि एखाद्यानं आपला जुना शेरा काढून चांगला लिहिला की कॅप्टन जुन्या कागदावर नवा चिकटवायचा. असं करता करता भिंतभर कौतुक झालं. बुडवायची भाषा करणारेच आता कंपनीला डोक्यावर घेऊन नाचत होते. 'चूक कबूल केली, राबराब राबले, शेवटी शब्द पाळला. आम्ही माफ केलं,' असं एकानं लिहिलं होतं, तो कागद कॅप्टननं बरोबर मधोमध लावला होता.

एकच कागद तसाच राहिला होता. खाली कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी. लिहिणाऱ्याचं गेममधलं नाव होतं 'धाकटा'.

'मी आणि माझा दादा लांब लांब राहतो, म्हणून घेतला होता. होडी दर वेळी रिकामी. आता दादा नाही. दुरुस्त करा नाहीतर करू नका.'

सोमवारी समारंभ होता. पडून पुन्हा उभा राहिलेला गेम म्हणून 'दोन वल्ही'ला बक्षीस मिळालं होतं, वार्ताहर यायचे होते, भिंतीचे फोटो निघायचे होते. कॅप्टननं त्या कागदावर बोट ठेवलं.

"फिटरबाई, हा एक राहिलाय. तूच लिही त्याला. जोडणी तुझी होती."

"त्याचा भाऊ गेलाय, कॅप्टन."

"म्हणून तर म्हणतो, माणुसकीनं लिही. शेरा बदला असं थेट म्हणू नकोस."

माणुसकी आणि सोमवारची घाई एका दमात बोलून दाखवायची हातोटी त्याच्याकडे होती. पण तो वाईट माणूस नव्हता. पडझडीच्या दिवसांत आलेली प्रत्येक शिवी त्यानं स्वतः वाचली होती आणि एकाही माणसाला कामावरून काढलं नव्हतं. म्हणून फिटरबाईनं वाद घातला नाही.

तिला फिटरबाई म्हणत ते तिच्या कामावरून. एका घरातलं मशीन दुसऱ्या घरातल्या मशीनला जोडून द्यायचं, म्हणजे दोन माणसं दोन ठिकाणी बसून एकाच होडीत असतील, हे तिचं काम. या गेमचा सगळा जीव त्यातच होता. होडीला दोन वल्ही, एक तुमच्या हातात, दुसरं सोबत्याच्या. एकट्यानं वल्हवलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. लांब राहणाऱ्या माणसांसाठी असा गेम कुणी काढलाच नव्हता, म्हणून लोक आधीपासून डोळे लावून बसले होते.

आणि चूक झाली ती अशी की सांगताना आजही तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. लांबच्या माणसांसाठी केलेला तो गेम त्यांनी महिनोन् महिने एकाच टेबलावर बसून तपासला. एका खुर्चीत ती, शेजारच्या खुर्चीत चित्रं काढणारा सहकारी, दोन्ही मशीन एकाच भिंतीतल्या एकाच पेटीला जोडलेली. कोपराला कोपर लागायचा. होडी अशी सुळसुळ चालायची की बघणारे टाळ्या वाजवायचे. ऑफिसाबाहेर, गावोगावच्या रखडत चालणाऱ्या इंटरनेटच्या लाइनवर जोडणीचा टिकाव लागेल का, हे बघायला कुणाला सवड झाली नाही. गेम लोकांच्या घरी गेला आणि होड्या धडाधड रिकाम्या होऊ लागल्या. जरा पुढं गेलं की सोबती गायब.

त्यानंतर तिनं ती जोडणी मुळापासून उकलली आणि पुन्हा बांधली. नाकी नऊ आले. पण बांधली, आणि आता ती पक्की होती. त्याचा पुरावा तिच्या घरातच बसलेला असे. तिची आई आणि दूरगावची मावशी रोज जेवणं उरकली की होडीत बसत.

"अगं डावीकडे! तुझी डावी, माझी नव्हे!" आई त्या संध्याकाळीही ओरडत होती. "लहानपणापासून हिला डावं उजवं कळत नाही."

फिटरबाईनं तिला धाकट्याचा शेरा वाचून दाखवला, आणि काय लिहू म्हणून विचारलं. आईनं वल्हं सोडलं. मावशीच्या एकट्या वल्ह्यावर होडी गोल फिरायला लागली.

"लिहून काय माफी मागतेस? भाऊ गेलाय माणसाचा. उठ आणि जा."

फिटरबाईनं लिहिलं ते एवढंच, की जोडणीचं काम माझं होतं, तुम्हाला भेटायचं आहे. उत्तरात फक्त पत्ता आला, आणि खाली, 'दुकान रविवारी बंद.'

दुकान गाद्यांचं होतं. ती बसनं गेली, बाजाराच्या रस्त्यावरच उतरली, आणि शनिवारच्या ऐन दुपारी तिथं पोचली. आत छतापर्यंत गाद्या रचलेल्या, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते आणि उन्हाच्या पट्ट्यात आले की दिसत होते. सत्तरीचा माणूस जमिनीवर मांडी घालून एका गादीला टाके घालत होता. सुई वीतभर लांब. त्यानं वर बघितलं नाही.

"गादी हवी की माफी?" त्यानं विचारलं.

तिला हसावं की रडावं कळेना. "काका, मीच ती जोडणीवाली," ती म्हणाली.

"ओळखलं. गादी घ्यायला येणारा माणूस आधी दाबून बघतो." त्यानं दोरा तोडला. "बसा त्या गुंडाळीवर. दबत नाही ती."

ती बसली. येताना बसमध्ये तिनं बरंच काही मनात जुळवलं होतं, त्यातलं अर्धंअधिक जोडणीबद्दल होतं. ते तिनं सांगितलं. टेबलाचंही सांगितलं, कोपराला कोपर लावून तपासल्याचं. लपवाछपवी केली नाही. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "लाइन तुटली त्याचं मला काही वाटत नाही हो. लाइन काय, तुटतेच. फोनची तुटते, विजेची तुटते. त्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं."

"मग?"

"तुम्ही पाटी लावलीत, त्याबद्दल."

तिला काही उमगेना. त्यानं सुई गादीत खोचून ठेवली.

"हे दुकान दादाचं आणि माझं. दोघांचं. एकदा ऐन हंगामात, माणसं दारात उभी असताना, आमचं वाजलं. कशावरून ते सांगण्यासारखंही नाही. मी जेवायला म्हणून उठलो तो परत आलोच नाही. दादानं एकट्यानं ओढलं. मी परगावी दुसरीकडे काम धरलं. कित्येक वर्षं बोलणं नाही. मग दादा थकला, मुलीकडे राहायला गेला, तेव्हा किल्ली मला पाठवून दिली. नुसती किल्ली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पुतणी माझी गुणाची. तिनं दोघांना हा गेम घेऊन दिला. लहानपणी आम्ही नदीपलीकडच्या शाळेत होडीनं जायचो, ते तिनं दादाकडून ऐकलं होतं. म्हणाली, काका, तुम्ही बोलू नका हवं तर. नुसतं वल्हवा."

"आणि होडी..."

"मजा यायची हो!" तो एकदम म्हणाला, आणि क्षणभर त्याचा चेहरा पार बदलून गेला. "दादा जोर लावायचा, मी लावायचो. बरोबरीनं. एक बेट ओलांडलं की तो फोनवर नुसता हं म्हणायचा. त्या एका 'हं'साठी मी दिवसभर वाट बघायचो. आणि मग, ऐन मध्यावर, खटकन थांबायचं. दादाच्या पडद्यावर काय यायचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

तिला ठाऊक होतं.

"तुमचा सोबती उतरून गेला," म्हातारा म्हणाला. "असं यायचं. पाण्याच्या रंगावर, पांढऱ्या अक्षरांत. माझ्याही पडद्यावर तेच यायचं, पण माझा विश्वास बसायचा नाही. दादा मध्येच उतरणारा माणूस नव्हता, म्हणून मला लगेच कळायचं की मशीन खोटं बोलतंय. त्याला कसं कळावं? मी तर उतरणाराच होतो."

दुकानात कुणी गिऱ्हाईक डोकावलं. त्यानं हातानंच 'नंतर' अशी खूण केली.

"फोनवर शपथा घेतल्या मी. दादा, मी उतरलो नाही रे, इथंच बसलोय. तो म्हणायचा, मशीनला माझ्याशी काय वैर आहे? लिहिलंय ना स्पष्ट. पुतणीला म्हणायचा, बघ, गेला, त्याची खोडच ती. असं तीनचारदा झालं. मग त्यानं नाद सोडला. झोप येते म्हणायचा. आणि नंतर गेलाच. जाताना त्याला काय वाटत होतं, खरं काय ते त्याला पटलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. आता कळायचंही नाही."

फिटरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण इथं रडायचा अधिकार आपला नाही एवढं तिला समजत होतं. ती खाली बघत बसली. ते वाक्य तिचं होतं. आधी तिनं साधं लिहिलं होतं, 'जोडणी तुटली.' माणूस आपणहून गेला की लाइन गेली हे मशीनला ओळखता येत नव्हतं, आणि बहुतेक वेळा लाइनच जाणार हे तिला कळत होतं. पण कॅप्टन म्हणाला, तुटली वगैरे नको, आपला माल खराब आहे असं वाटतं, होडीला शोभेलसं काहीतरी लिही. तिनं ते वाक्य सुचवलं आणि सगळे खूश झाले. किती गोड, असं चित्रकार म्हणाला होता. तिलाही स्वतःचं कौतुक वाटलं होतं. दोष आपला, आणि खापर पडद्यापलीकडच्या माणसावर, असं आपण करतोय हे त्या टेबलावर कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिथं सोबती कधी उतरतच नव्हता, तो शेजारीच बसलेला होता.

"अजून आहे का ते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय?"

"वाक्य."

खोटं बोलणं सोपं होतं. जोडणी आता तुटतच नाही म्हटल्यावर ते कुणाला दिसलंही नसतं. "आहे," ती म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, आणि ते जास्त जिव्हारी लागलं. "मग दुरुस्त काय केलंत तुम्ही, बाई?"

त्यानं सुई उपसली आणि पुढचा टाका घातला. तिनं माफी मागितली नाही, तोंडच नव्हतं. निघताना तिनं एवढंच विचारलं की दादांचं मशीन अजून आहे का. आहे, तो म्हणाला, पुतणीनं त्याची खोली हलवलेली नाही.

ऑफिसला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. कॅप्टन स्टुलावर चढून भिंतीवरचे कागद सरळ करत होता.

"मिळाला का धाकटा?"

"आपल्याला ते वाक्य काढायचंय," ती म्हणाली. "उतरून गेला, ते. सोमवारच्या आत."

सगळं ऐकल्यावर तो स्टुलावरून उतरला. "वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. "पण आता लाइन तुटत नाही ना? दिसणार कुणाला ते? समारंभाच्या तोंडावर चालत्या गेमला हात लावायचा, आणि काही बिघडलं तर?"

"तिथं लिहायचं, जोडणी तुटली, चूक आमची, सोबती उतरलेला नाही."

"चूक आमची कशाला? जाहीर माफी मागून झालीय की आपली. पानभर."

"ती गेम चालत नाही म्हणून मागितली. लोकांच्या माणसांवर आळ घेतला, त्याची कुठं मागितली?"

भिंतीच्या मधोमध लावलेल्या 'आम्ही माफ केलं'कडे कॅप्टननं बराच वेळ बघितलं, जणू ते पहिल्यांदाच वाचत होता. "ते वाक्य सुचवलं कुणी होतं गं?" त्यानं विचारलं.

"मी."

"आणि आधीचं नको कोण म्हणालं होतं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं.

"घाल," तो म्हणाला. "चूक आमची, हेही घाल. आणि तो खालचा कागद राहू दे तसाच. फोटोत आला तर येऊ दे."

सोमवारी लोक ऑफिसात फुलं घेऊन येत होते, तेव्हा फिटरबाई बसमध्ये होती. आपण समारंभाला येणार नाही, असं तिनं कॅप्टनला आधीच सांगितलं होतं, आणि त्यानंही का म्हणून विचारलं नव्हतं.

गाद्यांच्या दुकानामागं एक छोटी खोली होती. एक पलंग, एक टेबल, टेबलावर मशीन, मशीनमधून निघून भिंतीपर्यंत गेलेली तार. म्हाताऱ्यानं पुतणीला फोन लावून ठेवला होता, आवाज मोठा करून. ती तिकडं वडिलांच्या खोलीत, वडिलांच्या मशीनसमोर बसली होती. पडद्यावर होडी होती. मागच्या बाजूला नाव 'धाकटा', पुढच्या बाजूला 'थोरला'.

"काका, निघायचं?" फोनमधून आवाज आला.

"निघू."

दोन वल्ही पाण्यात पडली. होडी हलली, सरळ झाली, वेगात आली. पहिलं बेट मागं पडलं. पुतणी हं म्हणाली नाही, तिला ते ठाऊक नसावं. म्हाताऱ्याचे ओठ मात्र हलले. दादाची होडी कायम थांबायची तो मध्य आला आणि गेला, होडी चालतच राहिली. फिटरबाईला वाटलं, आपल्या हातचं काम चांगलं झालंय. असं वाटल्याची तिला लाजही वाटली.

मग म्हाताऱ्यानं वल्हं ठेवलं, खाली वाकला, आणि भिंतीतली तार स्वतःच्या हातानं उपटली.

होडी थांबली.

"काका, इथं आलंय काहीतरी."

"वाच."

"जोडणी तुटली. चूक आमची आहे. तुमचा सोबती उतरलेला नाही, तो होडीतच आहे."

म्हातारा तार हातात धरून उभा होता. "आवाज बारीक आहे तुझा," तो म्हणाला. "दादाच्या पलंगाकडे तोंड कर, आणि मोठ्यानं वाच. दादाला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुतणीनं ते पुन्हा वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, लहान मुलाला वाचून दाखवावं तसं एकेक शब्द सुटा करून. शेवटच्या शब्दांवर ती अडखळली, पण तिनं ते पुरं केलं.

म्हातारा पलंगाच्या कडेवर बसला. मग तो फिटरबाईकडे वळला.

"तुम्हाला माफ केलं असं नाही हं."

"नाही," ती म्हणाली.

"ते दादानं करायचं होतं. माझ्या हातात नाही ते." त्यानं डोळे पुसले, आणि तारेचं टोक तिच्यापुढं धरलं. "हे लावून द्या तेवढं. मला वाकवत नाही आता. पोरगी तिकडं एकटीच गोल फिरत असेल."

फिटरबाई गुडघ्यांवर बसली आणि तिनं तार भिंतीत लावून दिली.